आज रोख, उद्या उधार

किराणा दुकानात गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या किंवा मक्का-मदिनेच्या तसबिरीशेजारी एक पाटी हमखास असते : ‘आज रोख, उद्या उधार’. गिऱ्हाईक ती वाचून हसतं, दुकानदारही हसतो आणि तरीही वहीत नाव लिहिलं जातं. महागाई आणि कर यांची चर्चा आपण अर्थसंकल्पाच्या दिवशी करतो, तीही दिल्ली-मुंबईच्या आकड्यांत. पण तालुक्याच्या गावात त्यांचा परिणाम बघायचा असेल तर या पाटीकडे बघावं. ज्या दिवशी ती गंमत राहत नाही, दुकानदार नजर चुकवून खरोखरच ‘आज रोखच द्या’ म्हणतो, त्या दिवशी महागाई गरिबाच्या घरात शिरली असं समजावं. भाव वाढण्याच्याही आधी उधारी आटते. ती का आटते, एवढंच आज उलगडून सांगायचं आहे.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण कवीलाही महिन्याचा किराणा भरावा लागतो आणि दुकानाच्या फळीवर बसून जे कळतं, ते पुष्कळदा पुस्तकात सापडत नाही.

उदगीर म्हटलं की बाहेरच्यांना भुईकोट किल्ला आठवतो, १७६० साली मराठे आणि निजाम यांच्यात झालेली लढाई आठवते. साहित्यिकांना २०२२ च्या एप्रिलमध्ये इथे भरलेलं ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आठवतं. पण गावाचं पोट भरतं ते मोंढ्यावर. तूर, सोयाबीन, मूग, उडीद आणि त्यावर चालणाऱ्या डाळीच्या गिरण्या. लातूर जिल्ह्याचं हे टोक कर्नाटकाला लागून आहे. त्यामुळे बाजारात मराठी, कानडी आणि आमची दखनी अशा तिन्ही भाषांत घासाघीस चालते. 

या गावात पैसा बारा महिने सारखा फिरत नाही. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आसपास हातात नोटा येतात. तूर निघाली की पुन्हा थोडा पैसा येतो. उरलेले महिने कोरडे. मृगाच्या तोंडावर तर बी-बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदमच येऊन पडतो. हाताला काम नसलेल्या मजुराची तऱ्हा त्याहून कठीण. पोट मात्र रोज लागतं. पैसा वर्षातून दोनदा येणार आणि चूल दिवसातून दोनदा पेटणार, या दोन्हींच्या मधली फट कोण भरून काढतं? बँक नाही. बँकेत दोन किलो ज्वारी आणि पावशेर तेलासाठी कर्ज मिळत नाही. ही फट भरते किराणा दुकानदाराची लाल वही.

या वहीतल्या उधारीवर सहसा व्याज नसतं. आम्हा मुसलमानांत व्याज घेणं-देणं वर्ज्य मानलं आहे आणि अडलेल्याला बिनव्याजी देण्याला ‘कर्जे हसना’ म्हणतात. त्याचं मोठं पुण्य सांगितलं आहे. आमच्या बाजारातला हिंदू, लिंगायत, जैन, मुसलमान, कुठल्याही धर्माचा दुकानदार हे पुण्य नाव न घेता रोज करत असतो. तो साधू आहे असं माझं म्हणणं नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला दोन रुपये भाव जास्त लागतो, नासका कांदा त्याच्याच पिशवीत जातो आणि वहीत नाव असलेला माणूस शेजारच्या दुकानाची पायरी उघडपणे चढू शकत नाही. हे सगळं खरं आहे. तरीही रात्री आठ वाजता लेकराच्या दुधासाठी साखर मिळण्याची खात्री देणारी दुसरी सोय आपण अजून उभी केलेली नाही.

आता भाव वाढले की या वहीचं काय होतं ते बघू. समजा एका दुकानदाराकडे तेलासाठी १८ हजार रुपयांचं भांडवल आहे. डबा १८०० रुपयांना असताना तो १० डबे आणत होता. डबा २२०० रुपयांना झाला की त्याच पैशात ८ डबे येतात. भांडवल तेच, माल कमी. तेल, साखर, डाळ, साबण अशा प्रत्येक वस्तूचं हेच होतं. पूर्वीइतकीच दुकानाची फळी भरलेली ठेवायची तर जादा पैसा लागतो. तो आणायचा कुठून? दागिना मोडायचा, पतसंस्थेतून कर्ज काढायचं किंवा लोकांकडे अडकलेला पैसा ओढून घ्यायचा. तिसरा मार्ग फुकटचा असतो, म्हणून आधी तोच धरला जातो. जुनी उधारी मागितली जाते, नवी थांबते. ज्या दुकानाची ५० हजारांची उधारी बाजारात पसरलेली असते, त्याचा निम्मा माल जणू लोकांच्या घरात ठेवलेला असतो. महागाईत तो माल परत बोलावल्याशिवाय त्याचं दुकान चालत नाही.

भाव का वाढतात याची कारणं बहुतेक वेळा आमच्या हाताबाहेरची असतात. तेलाचंच घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ आयातकर शून्यावरून २० टक्के केला आणि ३० मे २०२५ रोजी तो १० टक्क्यांवर आणला. कर लावला तेव्हा हेतू चांगला सांगितला गेला होता : बाहेरचं स्वस्त तेल अडलं की इथल्या सोयाबीनला भाव मिळेल. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि मराठवाड्याच्या मोंढ्यांत बऱ्याच जणांना त्याहून कमी भावाने सोयाबीन घालावं लागलं. तेल मात्र महागलं. उदगीरच्या बाजारात सोयाबीन विकणारा आणि तेल विकत घेणारा माणूस एकच असतो. सकाळी त्याने मोंढ्यात पोतं मोकळं केलं आणि दुपारी किराणा दुकानात डब्याचा भाव विचारला, तेव्हा दोन्हीकडे त्याला तोटाच झाला. दुकानदाराला तो शिव्या देतो. दुकानदाराच्या हातात तरी काय असतं?

आता कराकडे वळतो. कर काही नवा नाही. निजामाच्या राजवटीत आमच्याकडे करोडगिरीचा नाका असे. मालाच्या गाड्या तिथे अडवून जकात घेतली जाई. पुढे नगरपालिकेची जकात आली. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. मुंबई राज्याच्या काळात झालेल्या १९५९ च्या कायद्याप्रमाणे विक्रीकर होता. १ एप्रिल २००५ पासून त्याच्या जागी मूल्यवर्धित कर, म्हणजे ‘व्हॅट’ आला आणि १ जुलै २०१७ पासून ‘जीएसटी’, म्हणजे वस्तू व सेवा कर. नाके गेले, रांगा गेल्या, ही चांगली गोष्ट झाली. 

जीएसटीचा मूळ विचार समजायला अवघड नाही. टँकरपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून आपण घागरी हातोहात पुढे देतो, तसा हा कर पुढे पुढे सरकतो. कारखानदाराने ठोक व्यापाऱ्याकडून घेतला, ठोक व्यापाऱ्याने किरकोळ दुकानदाराकडून घेतला, दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून. मधल्या प्रत्येकाने खरेदीच्या वेळी भरलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वजा करून घ्यायचा आणि फक्त फरक सरकारात भरायचा. मधल्यांच्या अंगावर पाणी सांडू नये आणि शेवटची घागर गिऱ्हाइकाच्या दारात रिकामी व्हावी, अशी ही रचना. कागदावर ती निर्दोष आहे. अडचण होते ती रांगेतल्या ज्या माणसाला वजावट मिळत नाही त्याची. आणि छोटी माणसं बहुतेक करून तीच असतात.

बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीचं उदाहरण घेऊ. हॉटेल-खानावळीसारख्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. टपरीवाला त्यात येतो, म्हणून लोक म्हणतात, ‘याला कुठला आलाय कर!’ पण त्याच्या १९ किलोच्या व्यापारी गॅस सिलिंडरवर १८ टक्के जीएसटी लागतो. घरातल्या सिलिंडरवर तो ५ टक्के आहे. साखरेवर ५ टक्के, चहापत्तीवर ५ टक्के. सुट्या दुधावर कर नाही, एवढाच दिलासा. नोंदणीच नसल्यामुळे भरलेल्या यातल्या एकाही रुपयाची वजावट त्याला मिळत नाही. म्हणजे तो कर भरतो, फक्त करदात्यांच्या यादीत त्याचं नाव नसतं. मग तो काय करतो? चहाचा भाव १० रुपयांचा ११ करता येत नाही, कारण सुट्ट्या रुपयासाठी रोज भांडण कोण करणार! तो भाव तसाच ठेवतो आणि कागदी कप लहान करतो. पूर्वी दोन घोट जास्त होते, हे चहा पिणाऱ्यालाही कळतं. दोघंही काही बोलत नाहीत.

खर्च वाढला की तो गिऱ्हाइकापर्यंत चार वाटांनी पोचतो. पहिली भाववाढीची. ती सगळ्यांना दिसते, म्हणून दुकानदार ती शक्यतो टाळतो. दुसरी मापाची : पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाचच रुपयांना मिळतो, आतली बिस्किटं मात्र कमी होत जातात. तिसरी दर्जाची : भजी तळायचं तेल बदललं जातं, शिंपी अस्तर हलकं लावतो, हॉटेलातल्या डाळीत पाणी वाढतं. आणि चौथी वाट उधारीची. पहिल्या तीन वाटांनी सगळ्यांच्याच खिशाला थोडी थोडी झळ लागते. चौथ्या वाटेची झळ फक्त ज्याच्याकडे रोख नाही त्यालाच लागते.

आता किराणा दुकानदार. माल विकणाऱ्यासाठी नोंदणीची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून वर्षाला ४० लाख रुपये उलाढाल अशी झाली. ऐकायला आकडा मोठा वाटतो. ४० लाखांना ३६५ दिवसांनी भागा. रोजचा धंदा साधारण ११ हजारांचा होतो. लोक इथे नेहमी गल्लत करतात : उलाढाल म्हणजे नफा नव्हे. ११ हजार गल्ल्यात पडले तरी त्यातले दहा-साडेदहा हजार मालाचेच असतात. समजा शेकडा ६ रुपये सुटले, तर ४० लाखांवर वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याचे २० हजार. त्यातून दुकानाचं भाडं, व्यापारी दराची वीज, पोऱ्याचा पगार, उंदरांनी फोडलेली पोती आणि बुडालेली उधारी वजा करायची. आणि या ४० लाखांत ज्वारी, सुटी डाळ, मीठ असा करमुक्त मालही मोजला जातो.

यातली खरी मेख अशी, की ही मर्यादा २०१९ च्या भावांत ठरली. तेव्हापासून भाव वाढले. ज्या दुकानात तेव्हा महिन्याला जेवढी पोती खपत होती, तेवढीच आजही खपत असली तरी रुपयांतली उलाढाल फुगते. दुकान एक फळीसुद्धा वाढलेलं नसतं आणि तरी ते एक दिवस मर्यादेच्या पलीकडे जाऊन पडतं. दुकानदाराच्या नावावर जमा झालेली ही वाढ महागाईची आहे, त्याची नव्हे. 

मर्यादा ओलांडली की दोन वाटा असतात. एक नियमित नोंदणीची : हिशेब चोख, विवरणपत्रं वेळेवर, त्यासाठी कर सल्लागाराची फी, पण भरलेल्या कराची वजावट मिळते. दुसरी आपसमेळ योजनेची, जिला सगळे ‘कंपोझिशन’ म्हणतात. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला तिच्यात जाता येतं. व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा, हॉटेलवाल्याने ५ टक्के. कागदपत्रं कमी. पण हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तो गल्ल्यातूनच भरावा लागतो आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. शेकडा ६ रुपये सुटणाऱ्याला त्यातला १ रुपया म्हणजे कमाईचा सहावा हिस्सा झाला.

उदगीरकरांसाठी आणखी एक गाठ आहे. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी करावीच लागते. आमच्यापासून बिदर जिल्ह्यातलं कमालनगर जवळ आहे. तिथे मराठी बोलली जाते, सोयरिकी आहेत, आठवडी बाजाराला जाणं-येणं पिढ्यान् पिढ्यांचं आहे. पण टेम्पोत भांडी भरून तिथे विकायला निघालेला माणूस कायद्याच्या दृष्टीने परराज्यात व्यापार करत असतो. भाषेला जी सीमा कधी कळली नाही, ती कराला नेमकी कळते. पलीकडे २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून तिथल्या व्यापारी कर खात्याने हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा बंगळुरूच्या टपऱ्यांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या होत्या. खात्यावर आलेला प्रत्येक रुपया विक्रीचाच असतो असं नाही. भावाने पाठवलेले पैसेही त्याच खात्यात येतात. पण वही ज्याने कधी नीट ठेवली नाही, त्याला हे सिद्ध करणं जड जातं.

कर आणि उधारी यांची गाठ कुठे पडते, हा या सगळ्यातला महत्त्वाचा भाग. समजा उदगीरच्या एका ठोक व्यापाऱ्याने खेड्यातल्या दुकानदाराला १० हजारांचे रंगाचे डबे उधारीवर दिले. रंगावर १८ टक्के, म्हणजे १८०० रुपये कर. खेड्यातला दुकानदार म्हणतो, ‘शेठ, तूर निघाली की देतो.’ पण कर तुरीची वाट बघत नाही. या महिन्यात बिल केलं की साधारणपणे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत हिशेब करून कर भरावा लागतो. १८०० पैकी मोठा हिस्सा त्याने माल घेतानाच कंपनीला दिलेला असतो, उरलेला सरकारात भरतो. हातात मात्र अजून एक रुपया आलेला नसतो. भरायला उशीर झाला तर सालीना १८ टक्के व्याज आणि वर विलंब शुल्क. खेड्यातलं गिऱ्हाईक बिनव्याजी उधारी मागतं आणि सरकार व्याजासह कर मागतं, या दोघांमध्ये व्यापारी उभा असतो. सरकारला ‘उद्या या’ म्हणता येत नाही. गिऱ्हाइकाला म्हणता येतं. म्हणून ठोकवाला खेड्यातल्या दुकानदाराची उधारी कमी करतो, तो दुकानदार मजुराची कमी करतो, आणि शेवटी ‘आज रोख’ हे शब्द अशा बाईच्या वाट्याला येतात, जिने जीएसटी हे नावही ऐकलेलं नसतं.

यात आपण गिऱ्हाइकंही भर घालतो. मी-तुम्ही, पगार किंवा पेन्शन असलेली माणसं. आपल्याकडे रोख असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपण मोठ्या मार्टमध्ये जातो, ढकलगाडी भरून सामान घेतो किंवा मोबाइलवर मागवतो. तिथे साबणाच्या तीन वड्यांवर एक फुकट मिळते, कारण मोठ्या साखळीला कंपनीकडून जो भाव मिळतो तो कोपऱ्यावरच्या दुकानाला मिळत नाही. स्वस्त घेणं हा काही गुन्हा नाही. पण परिणाम काय होतो? रोख गिऱ्हाईक निघून जातं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात उरतं ते बहुतांश उधारीचं. ज्या रोखीच्या जोरावर दुकानदार दुसऱ्याला उधार देत होता, तीच आटते. महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला की आपणही त्याच दुकानात जातो आणि म्हणतो, ‘लिहून ठेवा.’ 

कर कमी झाला की सगळं लगेच स्वस्त होतं असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. वह्या, पेन्सिली करमुक्त झाल्या. ग्राहकाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. पण नोंदणी नसलेल्या दुकानदाराच्या फळीवर त्या दिवशी जो माल होता, तो त्याने १८ टक्के कर देऊन घेतलेला होता. नोंदणीवाल्याला त्या कराची वजावट होती, याला नव्हती. नवा स्वस्त माल बाजारात आल्यावर जुना माल पडेल भावाने विकण्यावाचून ज्याला गत्यंतर नव्हतं, त्याच्या पदरात या करकपातीने तोटाच टाकला. हा तोटा एकदाच झाला, खरा. पण ज्याचं सगळं भांडवल फळीवरच असतं, त्याला एकदाचा तोटाही वर्षभर पुरतो.

‘शून्य कर’ या शब्दातही असाच एक चकवा आहे. तो मला कवितासंग्रहामुळे कळला. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पण छपाईच्या कागदावर आहे, आणि तो याच २२ सप्टेंबरपासून १२ वरून १८ टक्के झाला. वह्यांसाठी लागणारा कागद तेवढा करमुक्त ठेवला गेला. पुस्तक करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला कागदावरच्या कराची वजावट मिळत नाही. तो कर पुस्तकाच्या किमतीत गुपचूप जाऊन बसतो. डाळीचंही थोडंफार असंच. सुट्या डाळीवर कर नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के कर आला, तेव्हा बाजारात लगेच ३० किलोची पोती दिसू लागली. गिऱ्हाइकाने एवढं लक्षात ठेवावं, की पोतं फोडून सुटी तोलून घेतलेली डाळ करमुक्त आहे. मात्र डाळ ज्या ट्रकमधून येते त्याच्या डिझेलवरचे कर जीएसटीच्या बाहेर आहेत. त्यांची वजावट कोणालाच मिळत नाही. करमुक्त डाळीतही ते असतातच.

मग करायचं काय? कर नकोत असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. रस्ता, दवाखाना, शाळा, रेशन त्यातूनच चालतं. प्रश्न एवढाच, की तो कुणाच्या अंगावर किती आणि केव्हा पडतो. नोंदणीची आणि आपसमेळीची मर्यादा महागाईच्या मापाने ठराविक वर्षांनी आपोआप वाढावी. छोट्या व्यापाऱ्याने बिल केल्यावर नव्हे, पैसे हातात आल्यावर कर भरावा, अशी सोय व्हावी. हे काही नवल नाही. ब्रिटनमध्ये छोट्या व्यापाऱ्यांना व्हॅट असा भरता येतो. आपल्याकडेही जुन्या सेवाकरात ५० लाखांपर्यंतच्या छोट्या व्यावसायिकांना २०१२ पासून अशी मुभा होती. आणि सीमेवरच्या बाजारांत पिढ्यान् पिढ्या जाणाऱ्या किरकोळ विक्रेत्यांचा वेगळा विचार व्हावा.

दुकानदारानेही काही गोष्टी कराव्यात. घरखर्चाचं आणि दुकानाचं खातं वेगळं ठेवावं. नोंदणी असो वा नसो, खरेदीची बिलं जपून ठेवावीत. उधारीची मर्यादा माणूस बघून नव्हे, आपलं भांडवल बघून ठरवावी. हातगाडीवाल्यांसाठी २०२० पासून ‘पीएम स्वनिधी’ आहे, छोट्या धंद्यांसाठी २०१५ पासून ‘मुद्रा’ कर्ज आहे. खेटे घालावे लागतात, तरी सावकारापेक्षा ते बरं.

आणि गिऱ्हाइकाने? बिल मागावं आणि ते वाचावं. ज्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही, त्यावर जीएसटीची रक्कम घेता येत नाही. कंपोझिशनवाल्या दुकानदारालाही ती वेगळी लावता येत नाही. त्याला आपल्या दुकानावर तशी पाटी लावावी लागते. ती बघावी. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने उधारी करू नये आणि केली तर तारखेला फेडावी. रमजान ईद असो की दिवाळी, कापडवाल्याचे, शिंप्याचे, किराणेवाल्याचे पैसे सणाच्या आधी दिले तर त्याच्याही घरात सण होतो. आपण उधारी थकवली म्हणून आपल्याला कोणी काही बोलत नाही. बोलणी खातो तो मजूर, ज्याला त्या दिवशी एक किलो पीठ हवं असतं आणि ज्याचं नाव वहीत लिहायला दुकानदाराकडे भांडवल उरलेलं नसतं.

वही बंद झाली की तो मजूर उपाशी राहत नाही. तो दुसरीकडे जातो. आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणारे दारात येतात, सावकार तर कुठे गेलेला नाहीच. तिथेही कागदावर नावच लिहिलं जातं. फरक एवढा, की किराणेवाल्याला त्या माणसाच्या घरात लेकरं किती, म्हातारी आजारी आहे का आणि यंदा रानात तूर कशी आहे हे माहीत असतं. आणि पीक बुडालं, तर तो पुढच्या तुरीपर्यंत थांबतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)